निळ्या खांबापाशी बसा

आमच्या स्टाफरूममध्ये दुपारी डबे उघडले की लोणच्याच्या आधी किस्सा निघतो. शाळेचे किस्से तसे कधीच कमी नव्हते, पण समुद्राच्या सहलीला जाऊन आल्यापासून जुने सगळे मागं पडले. सहल चार दिवसांची होती आणि किस्से अजून पुरायलेत. प्रत्येकाचा सांगायचा ढंग वेगळा. संगमेश सरांच्या तोंडी समुद्र दरवेळी थोडा मोठा होतो. मोठ्या बाईंच्या तोंडी मी दरवेळी थोडी जास्त रडते. म्हटलं, एकदा आपणच लिहून टाकावं. शेवटी यादी माझ्या हातात होती.

मी कशी आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी दचकते. कुकरच्या शिट्टीला दचकते, मागून कुणी "मिस" म्हटलं की दचकते, एकदा तर फळ्यावर माझ्याच खडूचा आवाज झाला आणि मी मागं वळून पाहिलं. गाव ठाणाकुशनूर, बी.एड. बिदरला, आणि आता तिथल्याच मैलूर भागातल्या एका छोट्या मराठी शाळेत तिसरीचा वर्ग. बाबा म्हणतात, "तुला कुनी जय भीम घातला तरी तू आधी उडी मारतीस, मंग जवाब देतीस."

*

आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर मुलांची हजेरी होते आणि मग आमचीही. हा नियम मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा. त्या कोहिनूर गावच्या, शेतकरी घरातल्या. सुरुवातीला कुणीतरी कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, "आमच्या वावरात बैलसुद्धा नावानं मान वर करतो. तुमाला कामून जड जायलंय?"

आम्ही बारा जण, प्रत्येकाला एक नंबर. अकरा नंबर गंगाक्कांचा. गंगाक्का बिसिऊट करतात, म्हणजे मुलांचं दुपारचं गरम जेवण. त्यांना कानानं कमी ऐकू येतं, आणि हजेरीच्या वेळी त्या मागच्या खोलीत तांदूळ निवडत असतात. म्हणून "अकरा" म्हटलं की कन्नड शिकवणारे संगमेश सर त्यांच्या वतीनं "हजर" म्हणतात. कितीतरी वर्षं हे असंच चाललंय. बाईंनाही माहीत आहे, पण आवाज आल्याशिवाय त्यांचं पेन पुढं सरकत नाही.

एकदा सर रजेवर होते. बाईंनी "अकरा" म्हटलं, कुणी बोललं नाही. बाईंनी गैरहजेरी मांडली. त्यांच्या समोर चहाचा कप घेऊन गंगाक्का उभ्या होत्या.

*

शाळेची घंटा तडकल्यापासून जेवणाची वर्दी गंगाक्का देतात. त्यांची एक पितळी परात आहे आणि एक लोखंडी पळी. माझ्या पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभी राहून हजेरीबुकात मुलांची संख्या लिहीत होते, आणि मागं परात वाजली.

हजेरीबुक वरणात पडलं.

गंगाक्कांनी ते पळीनं बाहेर काढलं, निथळू दिलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मिस, वरणात काय घालायचं ते मला इचारत जावा." तिसरीच्या हजेरीला अजून हळदीचा वास येतो.

त्या परातीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा शाळेतला सगळ्यांत कडक नियम. एका शिक्षकदिनी संगमेश सरांना हुक्की आली. अक्का गेटाबाहेर भाजीवाल्याशी बोलत होत्या, सरांनी परात उचलली आणि पाच मिनिटं आधीच वाजवली. तोवर गेटाबाहेर अक्कांना चार पोरं हाका मारायली होती, एकही ऐकू गेली नव्हती. परात वाजली तशा त्या पदर खोचून पळत आल्या. "माझी परात कोन वाजवायलंय?"

सर पळीसकट विज्ञानाच्या कपाटामागं लपले.

मी नंतर अक्कांना जवळ जाऊन विचारलं, हाक ऐकू येत नाही, मग ही कशी ऐकू येते? त्या म्हणाल्या, "हाक कानात वाजती. परात छातीत वाजती."

*

गंगाक्का यंदा काम सोडणार होत्या. समुद्र कधी बघितला नव्हता. सहलीचं ठरलं, समुद्राकाठच्या एका गावात संध्याकाळी पाण्याचा आणि दिव्यांचा शो असतो असं कळलं, आणि सगळ्यांनी ठरवलं की अक्का आल्याच पाहिजेत.

त्यांचा मुलगा नागेश तयार होईना. "कानानं असं, अंधारात नीट दिसत न्हाई. गर्दीत चुकली तर? कुनाला इचारायचं बी तिला जमायचं न्हाई." मग आमची सगळी फौज त्याच्या घरी गेली. त्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जिम्मेदारी कोन घेनार?"

सगळे पंख्याकडं बघायला लागले. तेवढ्यात आत स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण पडलं आणि मी दचकले. माझा हात वर गेला.

"शीतल मिस घ्यायल्यात," मोठ्या बाई म्हणाल्या.

नागेश मला दारापर्यंत पोचवायला आला. "मिस, तुमच्या भरोशावर आईला सोडायलोय. जशी न्यायलाव तशी आना. मी रोज संध्याकाळी आठला आईच्या फोनवर फोन करीन, तुमी उचला." त्या दिवसापासून माझ्या छातीतसुद्धा परात वाजायला लागली.

*

अक्का परात-पळी पिशवीत घालूनच बसमध्ये चढल्या, मागं ठेवली तर कुणी वाजवंल म्हणून. आमच्या बसचे ड्रायव्हर मस्तानमामू. बिदरचेच, बोलणं दखनी. दर वळणावर मी "सांभाळून" म्हणायचे. दहाव्या वळणाला ते म्हणाले, "मिस, गाडी मैं चलारऊँ, डर तुम चलारे. दोनों मिलके पोचेंगे."

किनारपट्टी जवळ आली तशी सगळ्यांनी एका हॉटेलात इडली मागवली. सांबारात गूळ. आमच्याकडं सांबार म्हणजे घाम फुटला पाहिजे. आम्ही एकमेकांकडं बघत गुमान खायलो होतो, आणि गंगाक्का जागेवर नव्हत्या.

मी हातातली इडली तशीच टाकून उठले. बाकाखाली पाहिलं, बसमध्ये पाहिलं, हात धुवायच्या जागी पाहिलं. शेवटी आतून ठसका लागल्याचा आवाज आला. अक्का हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. कनवटीच्या पुडीतलं काळं तिखट त्यांनी सांबाराच्या पातेल्यात टाकलं होतं आणि आचारी डोळे पुसत होता. अक्का त्याच्या पाठीवर हात फिरवून त्याला कन्नडमध्ये धीर देत होत्या. आचाऱ्यानं मला विचारलं, "ह्यांना इथं ठेवून जाता का?"

नको म्हणायला मला जितका वेळ लागला त्यापेक्षा संगमेश सरांना जास्त लागला, म्हणून मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे.

*

शेवटी समुद्र दिसला. मी लाटेच्या आवाजाला दचकले, मग दुसऱ्या लाटेला दचकले, मग लक्षात आलं की हे थांबणार नाही.

गंगाक्का घोटाभर पाण्यात गेल्या. मी त्यांचा पदर दोन्ही हातांनी धरून मागं उभी. त्यांनी वाकून बोट बुडवलं आणि जिभेवर लावलं. वरणाची चव बघतात तशी, डोळे मिटून. आम्ही सगळे वाट बघत उभे.

"जास्त झालंय," त्या म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "दोन बादल्या साधं पानी टाकलं की बसंल."

मग त्यांनी कनवटीचा मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "ह्यो पान्यात पडंल. तुझ्यापशी ठेव." मी तो पर्समध्ये ठेवला. त्या वेळी मला ती शहाणपणाची गोष्ट वाटली.

*

शो सातला. किनाऱ्याला लागून लांबलचक कठडा, कठड्याला ओळीनं खांब आणि समोर कारंज्यांची रांग. गंगाक्कांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांना कठड्यावर बसवलं. बाकीचे पुढं वाळूवर. मी मधे, एक डोळा शोवर, एक अक्कांवर.

अंधार पडला आणि कुठलीही सूचना न देता मोठा धडाम् असा आवाज झाला.

मी किंचाळले. माझ्या किंचाळण्यानं पुढची रांग किंचाळली, तिच्यामुळं तिच्यापुढची. दोन बायकांनी लेकरं उचलली. मी शेजारच्या माणसाचा दंड घट्ट धरला होता. तो ड्युटीवरचा पोलीस निघाला. तो अगदी हळू म्हणाला, "मॅडम, गाणं सुरू झालंय."

मग पाणी उठलं. एवढं उंच उठलं आणि पडद्यासारखं पसरलं, आणि त्या पडद्यावर प्रकाशाचा एक मोठा मासा पोहत आला. खरं सांगते, मी पाच मिनिटं घाबरायचं विसरले. खांबसुद्धा रंगीत झाले होते. मोठ्या बाई आयुष्यभराच्या सवयीनं प्रकाशाचं परावर्तन समजावून सांगत होत्या, आणि शेजारची अनोळखी पोरं मान डोलवत होती. वारा फिरला तसं कारंज्याचं पाणी सगळ्यांच्या अंगावर आलं. संगमेश सरांनी बिदरपासून छत्री आणली होती. भर उन्हाळ्यात छत्री, म्हणून आम्ही वाटभर त्यांना हसलो होतो. त्यांनी ती शांतपणे उघडली आणि सात जण तिच्याखाली शिरले. आठवी छत्रीची दांडी होती, असं सर सांगतात. तिलाच जागा मिळाली नाही म्हणे.

तेवढ्यात मस्तानमामूंचा फोन. पोलिसांनी बस हलवायला लावली होती. बाई म्हणाल्या, "शीतल, बस कुठं हाय ते बघून ठेव. न्हाईतर शो सुटल्यावर सगळे अंधारात फिरत बसू."

मी अक्कांपाशी गेले. त्यांच्या शेजारचा खांब निळा झाला होता. मी खांबाकडं बोट केलं, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "ह्या निळ्या खांबापाशी बसा. निळा सोडून कुठं जाऊ नका."

"न्हाई जात."

जाता जाता संगमेश सरांना सांगितलं, "शो संपला की अक्कांना घेऊन या." सरांनी मान हलवली. ते गाण्याच्या तालावर हलवत होते, हे मला नंतर कळलं.

*

बस लांब, एका अंधाऱ्या गल्लीत उभी होती. शो सुटला, आमचे लोक घोळक्यानं आले. मी दारात यादी घेऊन उभी. अंधारात तोंडं दिसत नव्हती, म्हणून शाळेसारखे नंबर पुकारले.

"नऊ," मी माझं मलाच म्हटलं आणि टिक केली.

"दहा."

"हजर."

"अकरा."

"हजर."

"बारा."

"हजर."

बारा टिका. त्या चार दिवसांत इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. मी बसले, पाणी प्यायले, चप्पलसुद्धा काढली.

बस गर्दीतून जेमतेम दोन वळणं पुढं गेली असेल. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. अक्कांचा फोन, नागेशचं नाव. बरोबर आठ.

"अक्का, नागेशदादाचा फोन," म्हणत मी मागं वळले. अक्कांच्या सीटवर त्यांची पिशवी होती. पिशवीतून परातीची कड बाहेर आली होती. बाकी कुणी नव्हतं.

"अकरा हजर म्हणलं की," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मागच्या सीटवरून संगमेश सरांचा बारीक आवाज आला. "मी म्हणलं. सवयीनं."

"आरं तिला फोन लावा कुनीतरी!" बाई ओरडल्या. सरांनी घाईघाईनं लावला. अक्कांचा फोन माझ्याच हातात होता. नागेशची रिंग बंद होते न होते तोच तो परत वाजला आणि मी दचकून फेकला. तो मस्तानमामूंच्या मांडीवर पडला. त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि म्हणाले, "गाडी याँच रहतीय. तुम दौड़ो."

*

मी, संगमेश सर आणि बाई पळालो. का कुणास ठाऊक, मी पिशवीसुद्धा उचलली होती. माझं एकच म्हणणं, निळा खांब. निळ्या खांबापाशी अक्का आहेत, निळा खांब शोधा.

किनाऱ्यावर पोचलो. खांबांची ओळ इकडून तिकडं, दिसंल तिथपर्यंत. सगळे पांढरे.

मी पहिल्या भेटलेल्या वॉचमनला विचारलं, निळा खांब कुठाय? त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "निळा? निळं बंद केलंय मॅडम. उद्या संध्याकाळी सातला परत."

आम्ही पळत होतो आणि खांबामागून खांब जात होते. त्यांच्याखाली लोक होते, कणसं भाजणारे होते, सेल्फी काढणारे होते, हिरव्या लुगड्यातली आमची अक्का नव्हती. माईकवरून पुकारायचं म्हटलं तर त्यांना माईक कळणार नव्हता. बाई "गंगाऽ" म्हणून हाका मारत होत्या, आणि आम्हा तिघांनाही माहीत होतं की ती हाक जायची नाही. कठड्यापलीकडं समुद्र होता, काळा. तिकडं बघायची माझी हिंमत होईना. कानात नागेशचं एकच वाक्य, जशी न्यायलाव तशी आना.

पळताना पिशवीतली परात माझ्या गुडघ्याला लागली.

मी थांबले. परात काढली, पळी काढली. संगमेश सर म्हणाले, "मिस, नको. अक्का मारतील."

"मारू द्या," मी म्हटलं, आणि वाजवली.

आयुष्यात एवढा मोठा आवाज मी कधी केला नव्हता. पहिल्या ठोक्याला मीच दचकले. दुसऱ्याला पण. मग डोळे मिटून घेतले आणि वाजवत राहिले. डोळे उघडले तर माझ्यासमोर माणसं उभी होती. आधी दोन लेकरं, मग त्यांची आई, मग एक म्हातारा टोपी काढून, मग कॉलेजची पोरं. ओळ लागली होती. म्हाताऱ्यानं कन्नडमध्ये विचारलं, "प्रसाद काय आहे?"

बाईंनी सवयीनं ओळ सरळ करायला घेतली.

आणि ओळीच्या पार शेवटून, गर्दी बाजूला सारत, पदर खोचलेला, चप्पल हातात, आवाज आला. "माझी परात कोन वाजवायलंय?"

मी पळी टाकली आणि अक्कांच्या गळ्यात पडले. रडत होते, हे बाईंचं खरं आहे. अक्कांनी आधी परात उलटसुलट करून पाहिली, पोचा पडला नाही ना ते बघितलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"कुठं गेल्ता अक्का?" मी ओरडून विचारलं. "निळ्या खांबापाशी बसा म्हणलं होतं की!"

"बसले की," अक्का चिडून म्हणाल्या. "बसले का ह्यो लाल झाला. निळा फुडं गेला. म्या फुडं गेले. तिथं बसले का त्यो बी हिरवा झाला, निळा आनखी फुडं. तू म्हनलीस निळा सोडू नको. गुडघे ऱ्हायलेत का माझे? त्या टोकापस्तोर नेलं त्येनं मला. मंग तिथं विझला."

मग त्यांनी ओळीकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "आन ही एवढी मानसं कुनी बसवली? भात कुठाय?"

*

बसमध्ये मोठ्या बाईंनी यादी माझ्याकडून काढून घेतली. आतला दिवा लावला आणि स्वतः पुकारायला लागल्या. "दहा." "हजर." "अकरा."

कुणी हूं की चूं केलं नाही. संगमेश सरांनी तोंडात रुमाल कोंबला होता. बाई पेन धरून थांबल्या. सगळी बस अक्कांकडं बघत होती. अक्कांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला कोपर मारून विचारलं, "सगळे गप कामून बसलेत? कोन ऱ्हायलंय का मागं?"

"आवाज आला," बाई म्हणाल्या आणि टिक केली.

फोन परत वाजला. या वेळी मी दचकले नाही, कारण मी त्याचीच वाट बघत होते.

"मिस, फोन कामून उचलंना गेलाव?" नागेश ओरडला. "आई कुठाय?"

मी फोन अक्कांच्या हातात दिला. नागेश काय बोलतोय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "व्हय रं, बघितलं. पानी लई हाय. मीठ जास्त झालंय. लोकं चांगले हायत, परात वाजली की लगेच वळीत उभे ऱ्हायतेत. फकस्त हितले खांब एका जागी ऱ्हात न्हाईत."

आणि फोन मला परत दिला.

"मिस," नागेश हळूच म्हणाला, "आई काय म्हनायलीय? कसले खांब? आई ठीक हाय न्हवं?"

मी शेजारी पाहिलं. अक्का परात मांडीवर घेऊन पदरानं तिच्यावरची वाळू पुसत होत्या.

"नागेशदादा," मी म्हटलं, "अकरा हजर हाय."